पाठीवरचे पावणेआठ किलो : कॅमेरा आणि लॅपटॉपची बॅग

साताऱ्यात बाबांचं मोटारसायकलच्या सीट कव्हरचं दुकान आहे. रेक्झिन, फोम, नवार आणि नायलॉनचा जाड दोरा यांच्या पसाऱ्यातच मी अभ्यास केला, तिथेच मोठी झाले. तरी कॅमेऱ्याची पहिली बॅग घेताना बाबांना विचारावं असं मला सुचलं नाही. फोटो बघितले, कप्पे मोजले, स्वस्त वाटली म्हणून घरपोच मागवली. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यातल्या एका लग्नाचे फोटो काढून परत येताना स्वारगेटला गाडीत चढायच्या घाईत मी ती एका खांद्यावर घेतली, आणि उजवा पट्टा वरच्या टोकाशी उसवून हातात आला. बॅग फरशीवर आदळली. वरच्याच कप्प्यात ८५ मिलिमीटरची लेन्स होती. काच शाबूत राहिली, पण ऑटोफोकस गेला तो गेलाच.

घरी आल्यावर बाबांनी ती बॅग उलटी करून अस्तर उसवलं आणि मला आत बोट घालून बघायला लावलं. पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत जेमतेम तीन मिलिमीटर गेलं होतं. वर दोन सरळ टाके, बस्स. "कापड कधी फाटत नाय गं, टाका उसवतो," ते म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवूनच मी पुढची बॅग शोधली. शोधायला वेळही भरपूर मिळाला, कारण महिनाभरातच टाळेबंदी लागली आणि लग्नांची कामं थांबली. लग्नांसोबत मी वारीचेही फोटो काढते, पण २०२० आणि २०२१ ला पायी वारीही झाली नाही, माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. नवी बॅग मी डिसेंबर २०२१ मध्ये घेतली. लोप्रो प्रोटॅक्टिक ४५० एडब्ल्यू, दुसरी आवृत्ती. तिच्यासोबत वाऱ्या झाल्या, लग्नसराया झाल्या, म्हणून आता तिच्याबद्दल लिहायचा मला हक्क आहे असं वाटतं.

आधी माझं सामान सांगते, कारण बॅग सामानावरून ठरते. सोनी ए७ थ्री कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ६५० ग्रॅम, २४-१०५ मिलिमीटरची लेन्स ६६३, ७०-२०० एफ ४ लेन्स ८४० आणि नवी घेतलेली ८५ची लेन्स ३७१. म्हणजे अडीच किलो इथेच झाले. मॅकबुक एअर १ किलो २९० ग्रॅम. फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर, दोन हार्डडिस्क, पाण्याची बाटली मिळून सव्वा-दीड किलो. सगळं पाच किलोच्या थोडं वर जातं. प्रोटॅक्टिक ४५० रिकामीच अडीच किलोच्या पुढे आहे, त्यामुळे पाठीवर पावणेआठ किलो येतात. हा आकडा वाचून ज्यांना धस्स झालं त्यांनी घरच्या वजनकाट्यावर आपलं सामान आजच मोजावं. आमच्या धंद्यात मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही आपली बॅग किती किलोची हे ठाऊक नव्हतं, आणि मान-पाठ मात्र सगळ्यांची दुखत होती.

बॅग उघडते कुठून, हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते. लिटर, कप्पे, रंग हे सगळं त्यानंतर. पुढचं झाकण पूर्ण उघडणारी बॅग हॉटेलच्या पलंगावर फार छान दिसते, सगळं सामान एका नजरेत येतं. पण ती उघडायला आडवी ठेवावी लागते, म्हणजे तिची पाठ जमिनीला लागते आणि तीच चिखलाने माखलेली पाठ पुन्हा आपल्या पाठीवर येते. पाठीच्या बाजूने उघडणाऱ्या बॅगेत हा त्रास नाही. शिवाय गर्दीत कोणी मागून चेन उघडू शकत नाही, कारण चेन आपल्या पाठीला चिकटलेली असते. मुंबईच्या लोकलने रोज फिरणाऱ्यांना मी हीच सुचवेन. तिसरी कुशीतून, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूने उघडणारी. एक पट्टा खांद्यावरून उतरवायचा, बॅग काखेखालून पोटाशी आणायची, कुशीतली चेन ओढायची, कॅमेरा हातात. बॅग जमिनीला लागतच नाही.

वारीत बॅग ठेवायला जमीनच नसते, आणि हे तिथे चालल्याशिवाय कळत नाही. पुण्याहून सासवडच्या मुक्कामाला जायचा दिवस तीसेक किलोमीटरचा. दिवेघाटात माणसाला माणूस लागून चाललेला असतो, थांबलं की मागची दिंडी अंगावर येते. रस्त्याच्या कडेला घसरडी माती. तिथे गुडघे टेकून बॅग उघडून बसलात तर तुम्ही वारकऱ्यांच्या वाटेत आलात, आणि ते मला पटत नाही. चालता चालता लेन्स बदलता आली पाहिजे. लोणंद सोडल्यावर चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं. घोडे धावायच्या आधी गर्दी अशी सरकते की तिच्यात कोपर हलवायला जागा राहत नाही. तेवढ्या जागेत मी या बॅगेच्या डाव्या कुशीतून ७०-२०० काढलेली आहे.

प्रोटॅक्टिकला चार दारं आहेत. वर एक, पाठीकडे एक, दोन्ही कुशींत एकेक. विकत घेताना वाटलं होतं की एवढ्या दारांचं काय करायचं. आता तीन दारं रोजची झाली आहेत. डाव्या कुशीत लेन्स, वरच्या कडक झाकणाखाली बॉडी, आणि पाठीचं मोठं दार फक्त रात्री मुक्कामावर सामान लावताना. चौथ्याच्या चेनीचे दोन्ही रनर, म्हणजे ओढायचे खटके, मी एका किल्लीच्या कडीत अडकवून टाकले आहेत. कुशीतल्या चेनीची एकच धास्ती असते, घाईत अर्धवट राहते. म्हणून कॅमेरा काढला की डोळ्यांनी न बघता डाव्या हाताने रनर शेवटपर्यंत ओढायची सवय मी घरात आठ दिवस बसून लावून घेतली. नवी बॅग घेतलेल्या प्रत्येकाने कामावर जायच्या आधी हे करावं.

छोट्या दाराचा आणखी एक उपयोग जेजुरीने शिकवला. पालखी जेजुरीत येते तेव्हा भंडारा असा उधळतात की हवाच पिवळी होते. त्या हवेत मोठं दार उघडलं तर हळद कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत जाणार. कुशीचं दार वीतभर उघडतं, वरून बॅगेचीच सावली असते, आणि आत फारच थोडी हळद जाते. जी जाते ती काढायची रीत सांगते, कारण मी एकदा चुकले. बॅगेत कप्पे पाडणाऱ्या राखाडी पार्टिशनवरच्या पिवळ्या डागाला मी साबण लावला आणि डाग लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लालच होते, हे कुंकवाच्या गावात वाढलेल्या कुणीही सांगितलं असतं. हळद कोरडी असतानाच रंगाच्या मऊ ब्रशने झटकायची, पार्टिशन सोडवून उन्हात ठेवायची. चार-पाच दुपारच्या उन्हात डाग फिका होतो. चेनीच्या दातांत अडकलेली हळद जुन्या टूथब्रशने काढायची, तेल मुळीच लावायचं नाही.

आता लॅपटॉप. लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापर्यंत गेलेला असेल तर ती बॅग घेऊ नका. बॅग खाली ठेवताना आपण हळू ठेवतो असं आपल्याला वाटतं, पण दिवसभराच्या लग्नानंतर रात्री अकरा वाजता कुणी हळू ठेवत नाही, आणि तो दणका सरळ लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसतो. चांगल्या बॅगेत हा कप्पा तळापासून वर टांगलेला असतो. लोप्रोवाले त्याला क्रेडलफिट म्हणतात. ओळखायची युक्ती बाबांची आहे. एक हात लॅपटॉपच्या कप्प्यात खालपर्यंत घालायचा, दुसऱ्या हाताने बॅगेचा तळ बाहेरून दाबायचा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना भेटली तर कप्पा तळाला टेकलाय. मधे मोकळी जागा जाणवली तर ठीक. दुकानात हे करताना लाजायचं कारण नाही. ४५० मध्ये पंधरा इंची लॅपटॉप बसतो, माझा तेरा इंची थोडा हलतो, म्हणून मी तो आजीच्या जुन्या सुती साडीच्या पिशवीत घालून ठेवते. जाड स्लीव्हपेक्षा तीच बरी, वजनच नाही.

वारीत चालायच्या दिवसांत मात्र लॅपटॉप पाठीवर नसतो. दिंडीच्या ट्रकमध्ये पत्र्याच्या पेटीत, गोधडीत गुंडाळून जातो. पहिल्या वर्षी मी दिवसभर त्याच्याच काळजीत होते. त्याला काही झालं नाही. लॅपटॉप काढल्यावर बॅगेची पाठ ढिली पडू नये, एवढं मात्र घेताना बघायला हवं. काही बॅगांना लॅपटॉपमुळेच ताठपणा असतो, तो काढला की त्या पोत्यासारख्या लोंबतात. या बॅगेची पाठ आपली आपण ताठ राहते.

कापडाबद्दल जाहिरातीत फार मोठे आकडे असतात. १६८० डेनियर, ४२० डेनियर वगैरे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढाच त्याचा अर्थ. पाणी अडवतो तो कापडाचा आतला लेप, आणि बॅग टिकवतो तो टाका. म्हणून मी मुंबईला फोर्टात बोरा बाजारात गेले तेव्हा बाबांना बरोबर नेलं. दुकानदाराने कौतुकाने सगळ्या बॅगा खाली काढल्या. बाबांनी एकीचंही कापड चाचपलं नाही. पट्टा पाठीला जिथे जोडतात ती जागा, वरचं हँडल आणि बक्कल शिवलेली नवार, एवढंच ते बघत होते. तिथे बारटॅक हवा, म्हणजे एकाच जागी मागेपुढे दाट घातलेल्या टाक्यांची जाड पट्टी. हँडल धरून त्यांनी बॅग दोनदा जोरात झटकली आणि कान लावला. टाका कचकला तर आवाज येतो, म्हणे. मग अस्तर बाजूला करून आतल्या शिवणीवर पट्टी मारली आहे की कापडाच्या कडा उघड्याच सोडल्या आहेत ते पाहिलं. उघड्या कडांचे धागे निघून चेनीत अडकतात. चेन वायकेके या जपानी कंपनीची असली की मी निम्मी निश्चिंत होते. ती नसली तरी रनर एका हाताने, कापडाला न धरता, वळणावरून सरकतो का ते बघावं. साताऱ्यात रनर बदलून मिळतो, पण बॅगेच्या आतल्या वळणावरची चेन बदलायला अख्खी शिवण उसवावी लागते. त्या कामाला बाबासुद्धा दिवस लावतात.

मी माझं सगळं सामान बरोबर नेलं होतं. दुकानातल्या बॅगेत कागदाचे बोळे भरलेले असतात आणि तशी ती पाठीवर पिसासारखी लागते. बोळे काढायला लावून मी लॅपटॉपसकट सामान भरलं आणि इमारतीचे जिने वीस मिनिटं चढले-उतरले. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच बॅगा चांगल्या वाटतात. पंधराव्या मिनिटाला कळतं कुठला पट्टा काखेत रुततोय. माझी उंची पाच फूट एक इंच. पाठीचं माप मानेखालच्या पुढे आलेल्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत घ्यायचं, उंचीवर जाऊ नये. दोन सारख्या उंचीच्या बायकांची पाठ दोन इंचांनी वेगळी असू शकते. ट्रेकिंगच्या बॅगा पाठीच्या मापाप्रमाणे लहान-मोठ्या मिळतात, कॅमेऱ्याच्या बहुतेक एकाच मापात येतात, आणि ते माप माझ्यासारखीला धरून काढलेलं नसतं. त्यामुळे बायकांनी तरी ही बॅग न घालून बघता मागवू नये. कमरेचा पट्टा हाडावर बसला की खांद्यावरचं वजन खाली उतरतं. पोटावर बसला तर त्याचा उपयोग नाही.

तिथेच मी बाकीच्याही बघितल्या. पीक डिझाइनची एव्हरीडे मी आधी मैत्रिणीकडून मागून दोन दिवसांच्या लग्नात वापरली होती. दिसायला इतकी नीटस की नवरीच्या खोलीत सोफ्यावर ठेवली तरी खटकत नाही, दोन्ही कुशी पूर्ण उघडतात, आणि तिची घडी होणारी पार्टिशनं मला आजही आवडतात. शहरात गाडीने किंवा मेट्रोने फिरणाऱ्याने डोळे झाकून घ्यावी. पण कमरेवर भार घेणारा गादीचा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि मला तर रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालायचं होतं. ट्रेक करणाऱ्यांसाठी माझं मत आणखी वेगळं आहे. हरिश्चंद्रगडावर तंबू लावून पहाटे ट्रायपॉडवर चार फोटो काढणाऱ्याने कॅमेऱ्याची बॅग घेऊच नये. डिकॅथलॉनमधली पाठीला बसणारी साधी ट्रेकिंगची बॅग घ्यावी आणि आत गादीचा चौकोनी डबा, ज्याला क्यूब म्हणतात, तो ठेवावा. पैसे अर्धे लागतात, पाठ सुखात राहते. कॅमेरा काढायला बॅग उतरवावी लागते, पण गडावर बॅग ठेवायला कातळ असतो.

लोप्रोची सुरुवात १९६७ मध्ये ग्रेग लो या अमेरिकन गिर्यारोहकाने केली. चढताना कॅमेरा सांभाळायची त्याची अडचण होती, असं म्हणतात. प्रोटॅक्टिकच्या बाहेरून जागोजागी शिवलेल्या नवारीच्या पट्ट्या पाहिल्या की ते खरं वाटतं. मी त्यांना बाटलीची पिशवी आणि ट्रायपॉड लावते. पण याच पट्ट्यांमुळे ती लष्करी दिसते, आणि लग्नाच्या मांडवात कुणीतरी विचारतंच की ताई, आत काय आहे एवढं. ज्यांना कॅमेरा आहे हे लोकांना कळू द्यायचं नाही त्यांनी ही घेऊ नये.

वजन हा तिचा खरा तोटा आहे आणि तो विमानात सगळ्यात जास्त भोवतो. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला साधारण सात किलोची मर्यादा असते. तुमची बॅगच अडीच किलोची असेल तर सामानाला साडेचार उरतात. दिल्लीला एका लग्नासाठी जाताना मी चार्जर, वायरी आणि सेल काढलेला फ्लॅश मोठ्या बॅगेत टाकले, बॉडीला ७०-२०० लावून गळ्यात घेतली, तेव्हा काटा सातच्या आत आला. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र मोठ्या सामानात टाकायच्या नाहीत, त्या आपल्या जवळच ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्याची माझी एक बॅटरी १६.४ वॉट-तासांची आहे, १०० पर्यंत चालतं, त्यामुळे चार-पाच नेल्या तरी अडवत नाहीत. महिन्यातून दोनदा विमानाने जाणाऱ्याने दीड किलोच्या आसपासची बॅग शोधावी, मग कडक झाकण नसलं तरी चालेल.

पावसाचं कव्हर या बॅगेसोबत येतं आणि चांगलं घट्ट बसतं. पण कव्हर कोणत्याही कंपनीचं असलं तरी ते पाठीची बाजू झाकत नाही, पट्टे तिकडेच असतात ना. जोराच्या पावसात पाणी मानेवरून ओघळतं आणि पाठ व बॅग यांच्या मधून खाली उतरतं. तासाभरात पाठीचा फोम पाणी पितो. पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेत कॅमेऱ्याचं दारही त्याच बाजूला असतं, हे विसरू नये. यावरचा उपाय मला वारीतच दिसला. वारकरी डोक्यावरून प्लास्टिकचा मोठा कागद घेतात, त्याच्याखाली माणूस, गाठोडं, कधी डोक्यावरची तुळससुद्धा. बॅगेला वेगळं झाकायचं नाही, आपण आणि बॅग एकाच पांघरुणाखाली यायचं.

पावसाळ्यानंतर बॅग कपाटात कशी ठेवता यावर लेन्सचं आयुष्य ठरतं. बॅगेतला फोम आणि अस्तर ओल धरतात, आणि बंद, अंधाऱ्या, दमट जागेत लेन्सला बुरशी लागते. कोयनेकाठच्या किंवा कोकणातल्या फोटोग्राफरांना हे सांगायची गरज नाही. घरी आलं की लेन्स बॅगेतून बाहेर. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, असेल तर ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर, नसेल तर डाळीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. बॅग चेनी उघड्या ठेवून खुंटीला टांगायची. कव्हरची घडी घालून ठेवायची नाही, त्याच्या आतला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटतात. माझ्या जुन्या बॅगेच्या कव्हरचं तेच झालं होतं.

पावसात मला आणि बॅगेला एकत्र झाकणारं ते पांघरूण बाबांनी मला शिवून दिलं. छत्रीचं कापड घेतलं, बॅग पाठीवर घालूनच मापं घेतली. मानेपासून बॅगेवरून गुडघ्यापर्यंत पाठीमागची लांबी माझी ५२ इंच भरली, पुढची ३८. पाठीकडे मधोमध बॅगेच्या खोलीएवढी आठ इंचांची कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातली, नाहीतर पुढचा भाग गळ्याशी ओढला जातो. डाव्या कुशीवर हात जाईल एवढी फट ठेवून तिच्यावर चार इंची झडप शिवली. शिवणींवर आतून टेप लावला, कारण सुईच्या भोकांतून पाणी येतं. शिवायचं असेल तर मापं स्वतःची घ्या, पण बॅग पूर्ण भरून, लॅपटॉपसकट.